नव्याचे नऊ दिवस आणि जुनी दहा नावे

फ्रान्समधील बोजोले परगण्यात दर वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या लाल वाइनचा मोठा जल्लोष होतो. पण कमी पैशांत चांगली बाटली हवी असेल, तर त्याच डोंगरउतारांवरची दहा नावे ओळखीची असायला हवीत.

नोव्हेंबर महिन्यातल्या तिसऱ्या बुधवारची रात्र. पूर्व-मध्य फ्रान्समधले बोज्यू हे डोंगराच्या कुशीत वसलेले छोटेसे गाव. एरवी दिवेलागणीनंतर ते शांत होते. पण आज रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांच्या मशाली घेऊन मिरवणूक निघाली आहे. सोबत लाकडी पिंपे आहेत. चौकात येऊन गर्दी थांबते. घड्याळात बाराचे ठोके पडतात, पिंपांना तोट्या बसवल्या जातात आणि जांभळट लाल रंगाची वाइन पेल्यांत उतरू लागते. दोन-अडीच महिन्यांपूर्वी ती द्राक्षांच्या रूपात वेलींवर लटकत होती.

या उत्सवाचे नाव ‘सार्मांतेल’ आणि त्या वाइनचे नाव ‘बोजोले नूव्हो’, म्हणजे बोजोलेची नवी वाइन. कायद्याने ती तिसऱ्या गुरुवारचा दिवस उजाडण्यापूर्वी विकता येत नाही. त्यामुळे बुधवारची मध्यरात्र उलटताच पॅरिसच्या कॅफेंपासून टोकियोच्या हॉटेलांपर्यंत बाटल्यांची बुचे उघडू लागतात. जपान घड्याळात फ्रान्सच्या आठ तास पुढे असल्याने तिथले शौकीन ही वाइन खुद्द फ्रेंच लोकांच्याही आधी चाखतात!

युरोपच्या सहलीवर निघालेले अनेक भारतीय पर्यटक नेमके याच सुमारास फ्रान्समध्ये असतात. दुकानादुकानांतून रंगीबेरंगी लेबलांच्या बाटल्या रचलेल्या दिसतात, किंमतही फार नसते. मग प्रश्न पडतो, ही बाटली घ्यावी का? गंमत म्हणून एखादी जरूर घ्यावी. मात्र पैशाचे पुरेपूर मोल देणारी वाइन हवी असेल, तर दुकानातल्या या ढिगाच्या पलीकडे नजर टाकायला हवी. ती वाइनही याच परगण्यातली, याच द्राक्षाची. फक्त तिच्या लेबलावर बहुधा ‘बोजोले’ हा शब्दच नसतो!

लिऑनची तिसरी नदी

लिऑन हे फ्रान्समधले मोठे शहर ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसले आहे. (ही सोन आपल्या बिहारमधल्या सोनेहून अर्थातच वेगळी.) मात्र लिऑनला आणखी एक तिसरी नदी येऊन मिळते आणि ती म्हणजे बोजोले, असे तिथले लोक थट्टेने म्हणतात. शहरातल्या ‘बूशों’ नावाच्या लहान खानावळींतून जाड तळाच्या बाटल्यांत भरलेली ही वाइन इतकी वाहत असते, की थट्टेतही तथ्य वाटावे.

लिऑनच्या उत्तरेला, सोन नदीच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर हा परगणा पसरला आहे. दक्षिणोत्तर लांबी सुमारे ५५ किलोमीटर. व्हिलफ्रान्श हे त्याचे व्यापारी गाव. बोज्यू ही जुनी राजधानी. तिच्यावरूनच परगण्याचे नाव पडले. प्रवाशाला दोन वेगवेगळी बोजोले दिसतात. दक्षिणेकडे चुनखडीचा पिवळसर दगड आहे. घरे, चर्च, विहिरींचे कठडे सारे त्याच दगडाचे. संध्याकाळच्या उन्हात ते सोन्यासारखे झळाळते. म्हणून या भागाला ‘सोनेरी दगडांचा मुलूख’ म्हणतात. इथले वाँ हे टेकडीवरचे गाव पाहण्यासाठी पर्यटक मुद्दाम वाट वाकडी करतात.

उत्तरेकडे मात्र चित्र पालटते. टेकड्या उंच होतात, पायाखाली गुलाबी ग्रॅनाइटची भरड माती येते, उतार तीव्र होतात. सर्वांत चांगली वाइन इथलीच. काळ्या मातीत शेती करणाऱ्या माणसाला ही जमीन नापीक वाटेल. पण द्राक्षाच्या वेलीला फार सुपीक जमीन मिळाली तर ती पानेच वाढवते. अशा भुकेल्या मातीत ती मुळे खोल नेते आणि मोजके पण रसदार घड देते.

हद्दपार झालेले द्राक्ष

बोजोलेची लाल वाइन ‘गामे’ नावाच्या एकाच द्राक्षापासून बनते. साल काळे, पण आतला रस पांढरा. या द्राक्षाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. शेजारच्या बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये हुकूम काढून आपल्या राज्यातून गामेची वेल उपटून टाकायला सांगितली. ती भरमसाट पीक देते आणि ‘पिनो न्वार’ या उंची द्राक्षाची जागा बळकावते, असा त्याचा आरोप होता. बर्गंडीतून हटलेल्या गामेला दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या मात्र मानवल्या. जी वेल चुनखडीच्या जमिनीत कमअस्सल ठरली, तिनेच इथे परगण्याचे नाव जगभर नेले.

दुसरे संकट आले एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेतून आलेल्या ‘फायलोक्झेरा’ या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकन वेलींच्या मुळांना ही कीड मारू शकत नाही, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच वेलींचे कलम बांधावे, असा आग्रह धरणाऱ्यांत शिरूब्ल गावचा व्हिक्टर प्युलिया हा द्राक्षतज्ज्ञ होता. त्याचा पुतळा गावाच्या चौकात आजही उभा आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे ऐकून नवल वाटणार नाही. तिथेही ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटावरच कलमे केली जातात; कारण मात्र तिथे कीड नसून क्षार आणि पाण्याची टंचाई हे आहे.

मराठी बागायतदाराच्या डोळ्यांत भरेल तो फरक दुसराच. आपल्याकडे वेल मांडवावर चढवतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशी दोनदा कात्री लागते. बोजोलेच्या जुन्या बागांत मांडव नाही, तारा नाहीत. गुडघ्याएवढ्या बुटक्या खोडावर चार-पाच फांद्या पेल्याच्या आकारात वर ठेवलेल्या. छाटणी एकदाच, हिवाळ्यात. तोडणी बहुतेक उतारांवर अजूनही हातानेच होते. त्यासाठी कमरेत वाकून दिवस काढावे लागतात.

चार-पाच दिवसांची किमया

हाताने तोडणी करण्यामागे कारण आहे. नेहमीच्या पद्धतीत लाल वाइनसाठी द्राक्षे आधी चिरडतात आणि सालीसकट आंबवतात. बोजोलेत मात्र अखंड घड टाकीत टाकतात. वजनाने तळाची द्राक्षे फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू टाकीत भरून राहतो. या हवाबंद वातावरणात वरची न फुटलेली द्राक्षे सालीच्या आतल्या आतच आंबायला लागतात. त्यामुळे फळाचा ताजा वास टिकतो आणि सालीतला तुरटपणा फारसा उतरत नाही.

नूव्होसाठी हे घड चार-पाच दिवसांतच बाहेर काढून दाबतात. वाइन लवकर तयार होते, रंगाला तेजस्वी, चवीला रासबेरी-चेरीसारखी, कधी कधी केळ्याच्या किंवा गोळ्या-चॉकलेटच्या वासाची. ती पिण्यासाठी कसलीही तपश्चर्या नको. पण तिच्यात खोली नसते आणि आयुष्यही थोडे असते. येणारा वसंत ऋतू सरेपर्यंत ती संपवावी हे उत्तम. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण जणू तिच्यासाठीच आहे.

दहा नामवंत ठिकाणांची वाइन मात्र हेच घड दुप्पट-तिप्पट दिवस टाकीत ठेवून बनवतात. नंतर ती हिवाळाभर पिंपात किंवा टाकीत मुरते आणि साधारणपणे पुढल्या वसंतापासून बाजारात येऊ लागते. म्हणजे नव्या पिकाच्या बाटल्या दुकानात वर्षातून एकदा नव्हे, दोनदा येतात. पहिली खेप ढोल-ताशांसह येते, दुसरी गुपचूप. जाणकार ग्राहक दुसरीची वाट पाहतो.

गाजावाजा आणि त्याची किंमत

नवी वाइन हंगामानंतर लगेच पिण्याची रीत इथे फार जुनी. मात्र तिला कायदेशीर मान्यता मिळाली १९५१ मध्ये. काही वाइन नेहमीच्या मुदतीआधी विकायला सरकारने परवानगी दिली. पुढे १९७० च्या दशकात नव्या बाटल्या सर्वांत आधी लंडनला कोण पोचवतो, अशा मोटारींच्या शर्यती रंगल्या. १९८५ पासून तिसरा गुरुवार हा दिवस कायमचा ठरला. रोमानेश-तोरँ गावचे व्यापारी जॉर्ज द्युबफ (१९३३-२०२०) यांनी फुलाफुलांच्या लेबलांनी आणि जोरदार प्रचाराने ही वाइन जगभर नेली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सौदा सुरुवातीला सोन्यासारखा होता. एरवी वाइन मुरेपर्यंत पैसा अडकून पडतो. इथे सप्टेंबरमध्ये तोडलेल्या द्राक्षांचे पैसे डिसेंबरच्या आत हातात! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तर परगण्यातली जवळजवळ निम्मी वाइन ‘नवी’ म्हणूनच विकली जात होती.

पण मागणी वाढली तशी घाईही वाढली. बेताच्या जमिनीत, भरमसाट पीक घेऊन बनवलेल्या पातळ बाटल्याही त्याच लेबलाखाली बाजारात आल्या. लोकांना कंटाळा आला. २००१ च्या पिकातली लाखो बाटल्यांइतकी वाइन विकली न गेल्याने दुसऱ्या वर्षी तिचे ऊर्ध्वपातन करून स्पिरिट काढण्याची वेळ आली. अनेकांनी बागा उपटल्या. त्याहून मोठे नुकसान असे झाले, की ‘बोजोले’ म्हणजे स्वस्त, हलकी, वर्षातून एकदा हसतखेळत पिण्याची वाइन, असा शिक्का बसला. ज्या गावांनी नूव्होचा एक थेंबही कधी बनवला नाही, त्यांनाही हा शिक्का भोवला.

ग्राहकाच्या फायद्याचे मूळ नेमके याच दुर्दैवात आहे. शेजारच्या बर्गंडीत नावाजलेल्या गावाची बाटली घ्यायची तर पन्नास, शंभर किंवा त्याहून कितीतरी अधिक युरो मोजावे लागतात. बोजोलेच्या उत्तम उताराची, तितक्याच मेहनतीने बनवलेली बाटली उत्पादकाच्या दारात साधारण दहा ते वीस युरोंत मिळते. नूव्होची बाटली पाच ते दहा युरोंना पडते. म्हणजे थोडेसेच पैसे अधिक टाकले, की चार-पाच दिवसांच्या वाइनऐवजी वर्षभराच्या कष्टाची वाइन हाती येते.

दहा नावांची ओळख

बोजोलेच्या वाइनची उतरंड तीन पायऱ्यांची आहे. तळाला साधी ‘बोजोले’, बहुतांशी दक्षिणेची. तिच्यावर ‘बोजोले-व्हिलाज’, म्हणजे उत्तरेकडच्या ३८ गावांची. आणि सर्वांत वर ‘क्रू’ म्हणून ओळखली जाणारी दहा नावे. नूव्हो फक्त खालच्या दोन पायऱ्यांवरच बनवता येते. क्रूंना ते कायद्यानेच वर्ज्य आहे.

उत्तरेकडून निघाले की पहिले गाव लागते सँतामूर. नावात ‘आमूर’, म्हणजे प्रेम असल्याने फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन दिनाला या बाटल्यांची मोठी विक्री होते. साहजिकच थोडे पैसे नावाचेही पडतात. शेजारचे जुल्येना हे नाव ज्युलियस सीझरवरून आले असे गावकरी सांगतात. तिथल्या जुन्या, वापरातून गेलेल्या चर्चमध्ये वाइन चाखण्याचे दालन आहे. वाइन किंचित मसालेदार, अंगाने भरीव. शेना हे दहांत सर्वांत लहान. त्यामुळे नाव कमी लोकांना ठाऊक आणि दर बरेचदा बेताचे. पैसे जपून वापरणाऱ्याने ते जरूर लक्षात ठेवावे.

मुलँ-आ-व्हाँ म्हणजे ‘पवनचक्की’. या नावाचे गाव कुठेच नाही. रोमानेश-तोरँजवळच्या टेकाडावर द्राक्षांच्या मधोमध उभी असलेली शेकडो वर्षांची पवनचक्की आहे, तिच्यावरून हे नाव. इथल्या मातीत मँगॅनीज आहे. वाइन गडद, बांधेसूद आणि टिकाऊ. चांगल्या वर्षाची बाटली दहा वर्षेही सुखाने राहते. खालच्या अंगाला फ्लरी. टेकडीवर मेरीमातेचे देऊळवजा चॅपल, खाली वेलींचे गालिचे. वाइन सुवासिक, मऊ, पहिल्याच घोटाला आवडणारी. तिच्याही वर डोंगरात शिरूब्ल, दहांत सर्वांत उंचावरचे. थंड हवेमुळे वाइन हलकी आणि ताजी. नूव्होचा ताजेपणा आवडतो पण उथळपणा नको, अशांसाठी शिरूब्ल हेच उत्तर.

मोर्गों ही दहांतली दादा. व्हिल्ये-मोर्गों गावाजवळच्या ‘कोत द्यू पी’ या टेकडीवर कुजलेल्या निळसर दगडाची माती आहे. तिथली वाइन सुरुवातीला अबोल असते, पण दोन-चार वर्षांत खुलते. इतकी, की वाइनला वयाबरोबर अशी खोली आली की फ्रेंच लोक ‘ती मोर्गोंसारखी झाली’ अशा अर्थाचे क्रियापदच वापरतात. याच गावचे मार्सेल लापिएर (निधन २०१०) यांनी रासायनिक खते-औषधे टाळून, वाइनमध्ये फारसे काही न मिसळता काम करण्याचा मार्ग धरला. त्यांचे प्रेरणास्थान होते ज्यूल शोव्हे (१९०७-१९८९), व्यापारी आणि शास्त्रज्ञ दोन्ही असलेले गृहस्थ. घाईच्या काळात या मंडळींनी धीर धरला आणि परगण्याची गेलेली पत परत मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्याच्याजवळ रेन्ये, जोडमनोऱ्यांच्या चर्चचे गाव. १९८८ मध्ये दहावा म्हणून क्रूंच्या पंगतीत बसलेला हा धाकटा भाऊ. म्हणून भावही अजून धाकटाच. शेवटी ब्रुई आणि कोत द ब्रुई. ब्रुईची टेकडी ४८४ मीटर उंच. माथ्यावर १८५७ साली बांधलेले ‘द्राक्षांच्या मातेचे’ चॅपल आहे. वेलींवरच्या भुरी रोगापासून रक्षण व्हावे म्हणून बागायतदारांनी ते उभारले. टेकडीच्या उतारावरची वाइन ती ‘कोत द ब्रुई’ आणि भोवतालच्या सखल भागाची ती नुसती ‘ब्रुई’. ब्रुई सर्वांत मोठा, सगळीकडे मिळणारा. दोन्हींतला भावाचा फरक थोडा, गुणाचा मात्र बराच; शक्यतो ‘कोत’ हा शब्द पाहून घ्यावा.

लेबल वाचण्याची रीत

दुकानात शिरल्यावर पुढील चार गोष्टी पाहिल्या तरी निवड बरीचशी सोपी होते.

*नाव* : या दहांपैकी एखादे नाव ठळक अक्षरांत असेल आणि ‘बोजोले’ कोपऱ्यात किंवा कुठेच नसेल, तर ती बाटली वरच्या पायरीची.

*कोणी भरली* : फ्रेंच भाषेत ‘मळ्यावरच बाटलीबंद’ अशा अर्थाचे ‘मीज आं बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘आ ला प्रोप्रिएते’ हे शब्द असतील, तर ज्याने द्राक्षे पिकवली त्यानेच, किंवा त्याच्या सहकारी संस्थेने, वाइन भरली आहे. ते नसेल तर मोठ्या व्यापाऱ्याने वाइन विकत घेऊन भरलेली असण्याचा संभव अधिक. ती वाईटच असते असे नाही, पण दोन अनोळखी बाटल्यांतून एक निवडायची झाल्यास मळ्याची निवडावी.

*वर्ष* : उष्ण वर्षाची वाइन भरदार, थंड वर्षाची हलकी. २००९ आणि २०१५ ही उन्हाची वर्षे गाजली. २०२१ मध्ये एप्रिलच्या हिमतुषाराने पीक घटले आणि वाइन हलकी, आंबटसर ताजी झाली. २०२२ पुन्हा उष्ण. हलक्या वर्षी मोर्गों, मुलँ-आ-व्हाँसारखी भारदस्त नावे निवडावीत आणि उष्ण वर्षी शिरूब्लसारखी उंचावरची, म्हणजे समतोल साधतो.

*मोठे शब्द* : ‘व्हिएय व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेली, हे शब्द पुष्कळ लेबलांवर दिसतात. जुन्या वेलींची वाइन दाट असते हे खरे, पण किती वर्षांची वेल जुनी म्हणावी याचा कायदा नाही. केवळ या शब्दांपायी जास्त पैसे देऊ नयेत. तीच गोष्ट जड बाटलीची आणि सोनेरी पदकाच्या चिकटपट्टीची.

चव आणि चूल

ही वाइन किंचित गार, बारा ते चौदा अंश सेल्सिअसला प्यावी. लाल वाइन नेहमी खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. मुंबई-नागपूरच्या खोलीत तो पाळला तर चांगल्या बाटलीचीही माती होते. पिण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली तरी पुरे.

भारतीय जेवणाशी या वाइनचे चांगले जमते, याचेही कारण तिच्या जातकुळीत आहे. तुरट, जड लाल वाइन आणि मिरची यांचे वैर. दोन्ही एकत्र आल्या की जिभेवर आग आणि कडवटपणा वाढतो. गामेत तुरटपणा कमी आणि फळाचा गोडवा जास्त, म्हणून तंदुरी कोंबडी, खिमा, मसालेदार वांगे किंवा पनीर यांच्याशी ती भांडत नाही. फ्लरी किंवा शिरूब्ल कमी तिखटाबरोबर, जुल्येना आणि मोर्गों मटणाबरोबर, असा साधारण मेळ घालावा.

कसे जावे, काय आणावे

पॅरिसहून वेगवान रेल्वेने लिऑन दोन तासांवर. लिऑनहून माकाँच्या दिशेने जाणाऱ्या स्थानिक गाड्या व्हिलफ्रान्श, बेलव्हिल, रोमानेश-तोरँ येथे थांबतात. व्हिलफ्रान्शला अर्ध्या तासात पोचता येते. रोमानेश-तोरँला स्टेशनाशेजारीच द्युबफ यांनी १९९३ मध्ये उघडलेले वाइनचे संग्रहालय आहे. वाइन न घेणाऱ्या घरच्या मंडळींना आणि मुलांनाही ते आवडते. डोंगरातली गावे पाहायला मात्र गाडी किंवा सायकल हवी. जो गाडी चालवणार आहे त्याने वाइन चाखून शेजारच्या भांड्यात थुंकावी. तिथे ही रीतच आहे, त्यात कोणी कमीपणा मानत नाही.

मळ्यावर जाण्याआधी फोन करावा. सप्टेंबरच्या तोडणीच्या दिवसांत कोणालाच फुरसत नसते. वसंतात, एप्रिल-मेमध्ये, दहा नावांच्या नव्या बाटल्या आलेल्या असतात आणि गर्दीही नसते. दोन-तीन पेले चाखून झाल्यावर निदान एक बाटली विकत घेणे हा शिष्टाचार. उंच उतारांवर यंत्र चालत नाही; तिथली बाग कुदळ-कात्रीने राखणाऱ्या कुटुंबाचा जोर याच दारावरच्या विक्रीवर असतो. भाव परवडेनासा झाला की सर्वांत आधी ओस पडतात ते हेच उतार, आणि उत्तम वाइन येते तीही त्यांवरूनच. बाटलीमागे दोन-तीन युरो वाचवण्यासाठी तिथे घासाघीस न केलेली बरी.

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येते. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि वर एखादी अर्धी. कपड्यांत नीट गुंडाळून त्या मोठ्या बॅगेत ठेवाव्यात. विमानात हातातल्या सामानात त्या नेता येत नाहीत. जागा दोनच बाटल्यांची असल्याने निवड विचारपूर्वक करावी. एक लगेच उघडण्यासाठी फ्लरी, शिरूब्ल किंवा रेन्ये. दुसरी थांबण्यासाठी मोर्गों किंवा मुलँ-आ-व्हाँ. अर्धी बाटली हवी तर नूव्होची घ्यावी.

घरी आणल्यावर बाटल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर उभ्या करून ठेवू नयेत. उजेड आणि उन्हाळा हे वाइनचे शत्रू. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात त्या आडव्या ठेवाव्यात. नूव्होची बाटली संक्रांतीच्या आत उघडलेली बरी. मोर्गों मात्र तिथे पुढच्या दिवाळीपर्यंत थांबली तरी काही बिघडत नाही.